आमची वाटचाल : देवबागची होडी, गोरेगावचा स्टॉल

2015 साली मी परळची नोकरी सोडून मालवणजवळच्या देवबागला परत आलो, तेव्हा हाताशी दोन गोष्टी होत्या. निवास-न्याहारी योजनेत बसतील अशा दोन खोल्या आणि चुलत्यांची फायबरची होडी. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये माडांचा चिंचोळा पट्टा, एवढंच आमचं गाव. पाहुणे यायचे ते डॉल्फिन, स्नॉर्केलिंग आणि त्सुनामी आयलंड या खाडीतल्या वाळूच्या बेटासाठी. त्या धंद्यात आमच्या आधीपासून निम्मा गाव होता.

पहिल्याच दिवाळीत पुण्याचे एक काका आले. खांद्याला रॉडची लांबडी पिशवी. डॉल्फिन नकोत म्हणाले, खाडीत गरवायचंय, म्हणजे गळाने मासे धरायचेत. चुलत्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, त्यांना संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी खडपाजवळ नेलं. रात्री साडेनऊला तीन किलोची तांबोशी लागली. काकांनी तिचं वजन केलं, फोटो काढला आणि तिला पाण्यात सोडून दिलं. आबा घरी येऊन ओसरीवर बसले ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "गावलेलो मासो परत सोडल्यानी. आणि वर माका पैशे दिल्यानी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. धंदा दिसला होता.

प्रवासी बोटीचा परवाना, लाइफ जॅकेटं, चार भाड्याने द्यायचे रॉड यांत दीड वर्ष गेलं. गिऱ्हाईक मात्र तोंडोतोंडी येईल तेवढंच. म्हणून 2017 मध्ये मुंबईच्या पर्यटन प्रदर्शनात उतरायचं ठरवलं. गोरेगावचा तो प्रचंड हॉल आणि त्यात आमचा तीन बाय तीन मीटरचा खोका. भाडं, फ्लेक्स, दोन माणसांचं राहणं-खाणं धरून जो खर्च झाला, त्यात इंजिनाचं मोठं काम निघालं असतं. बायकोने हे तेव्हाही सांगितलं होतं आणि अजूनही सांगते.

फ्लेक्सवर आम्ही काय लावलं? दोन्ही हातांत भली मोठी तांबोशी धरलेला माणूस. तीन दिवस लोक थांबले, पण विचारलं काय, तर "थाळी कितीला?" एका बाईंनी सुरमईचा भाव काढला. एक गृहस्थ म्हणाले, बर्फात घालून दादरला पोचवाल का? मोठ्या सहली काढणारे एजंट फोटो बघून दुरूनच वळायचे, कारण त्यांच्या गाडीत निम्मी मंडळी शाकाहारी. दोन हजार पत्रकं संपली. आम्ही खूश. नंतर कळलं की प्रदर्शनात पत्रकं गोळा करायलाच येणारी एक स्वतंत्र जमात असते. कापडी पिशवी भरली की ती घरी जाते.

बुकिंग शून्य. पण शेवटच्या दिवशी, आवराआवर चालू असताना एकाने विचारलं, "उधाणाला नेता की भांगाला?" पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांच्या जुन्या संघटनेतला सभासद होता तो. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचं कमी चढ-उताराचं पाणी. तीन दिवसांत नेमका प्रश्न विचारणारा पहिला माणूस! जानेवारीत चार मित्रांना घेऊन आला, आजही दरवर्षी येतो. आमच्या पहिल्या प्रदर्शनाची कमाई ती एवढीच, आणि ती पुरली.

पुढच्या वर्षी मी शहाणपणा केला. मोठा टीव्ही भाड्याने घेतला, ड्रोनचं शूटिंग लावलं. सुंदर दिसायचं. लोक समोर उभे राहून दोन मिनिटं विसावा घ्यायचे आणि पुढे जायचे. त्याच फेरीत एका एजन्सीने आमच्या सहली विकायला घेतल्या आणि आम्हाला न विचारता आपल्या पत्रकात छापलं : 'मासा हमखास'. बारा जणांचा गट आला तो नेमका भांगात. पाणी मेलेलं, जोडीला उलटा वारा. दोन दिवसांत हाताला आल्या त्या चार शेंगट्या. निम्मे पैसे आम्ही खिशातून परत दिले. तेव्हापासून 'हमखास' हा शब्द आमच्या कागदावर येत नाही.

2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळ, मग कोरोना, मग 16 मे 2021 ला तौक्ते. तौक्तेने खोल्यांचे पत्रे नेले आणि होडी माडाला आपटून फुटली. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कर्ज काढलं, होडी नवी केली.

2023 च्या प्रदर्शनाला सोबत येणारा मुलगा आयत्या वेळी आजारी पडला, म्हणून आबांना नेलं. त्यांनी आयुष्यात स्टॉल बघितला नव्हता. पहिला तासभर खुर्चीत पाय वर घेऊन बसले. मग कंटाळून पिशवीतली तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी काढली आणि समोर उभ्या असलेल्या एका तरुणाला म्हणाले, "बोट दी." त्याच्या तर्जनीवर फास टाकला, दुसरं टोक घेऊन स्वतः सहा फूट मागे गेले. "डोळे मीट."

आधी बारीक टुकटुक. "ह्यो बांगडो." मग संथ, जड ओढ, कुणी ओलं पोतं खेचतंय अशी. "ही शेंगटी." मग एकच ठोका, आणि काही नाही. तरुण डोळे उघडणार तेवढ्यात आबांनी असा हिसका दिला की त्याचा हात खांद्यापासून पुढे गेला. "ही तांबोशी. पयल्या ठोक्याक ओढलंस तर गेली. थांबूक व्हया."

अर्ध्या तासात स्टॉलपुढे रांग. मुलं, त्यांच्या आया, शेजारच्या स्टॉलवरचे राजस्थानी फेटेवाले, सगळे बोट पुढे करून उभे. मी फक्त नंबर लिहून घेत होतो. टीव्ही त्यानंतर कधी नेला नाही. फ्लेक्सवरचा मेलेला मासाही काढला, आता तिथे खाडीचं तोंड आहे, पहाटेचं.

व्हिजिटिंग कार्डाच्या मागे भरतीचा हिशोब छापला, तोही आबांचाच. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, त्या सुमारास पूर्ण भरती. थोडं मागेपुढे होतं, पण गरवणाऱ्याला तेवढं पुरतं. पत्रकं कचऱ्यात जातात, हे कार्ड पाकिटात राहतं. फोन येतो दोन-तीन महिन्यांनी आणि समोरचा माणूस म्हणतो, "येत्या दशमीला यायचंय." हे ऐकलं की मी ओळखतो, कार्ड वाचलेला आहे.

स्टॉलवर आम्ही नकारही भरपूर देतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाखाली गळ टाकायचाय, ही हौस अनेकांना असते. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं, जवळपास 29 चौरस किलोमीटरचं, आणि किल्ल्याभोवतीचा भाग त्याचा गाभा. तिथे नेत नाही. जुलैत पावसाचं पॅकेज मागतात, तेव्हा प्रवासी बोटी बंद असतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर आम्ही होडी लांब घेतो. ती माणसं पोटासाठी ओढतात, आपण हौसेसाठी. शासनाने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवलं, तेव्हापासून होडीच्या फळीवर रंगाने पट्टी आखली आहे. छोटा मासा मोजून लगेच पाण्यात. मोठाही बहुतेक जण सोडतात. रात्रीच्या तिकल्यापुरता, म्हणजे तिखट कालवणापुरता एखादा ठेवला तर आमची हरकत नाही.

आता हंगामातली निम्म्याहून जास्त बुकिंग गरवणाऱ्यांची असतात. होड्या दोन झाल्या. दुसरीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्हणून माझा भाचा आहे, जो तीन वर्षांपूर्वी गोव्यात हॉटेलात नोकरी शोधत होता.

पुढच्या प्रदर्शनाची तारीख आली की आबा आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघतात. उधाण असेल तर येत नाहीत, खाडी सोडून मुंबईत काय करायचं म्हणतात. या वेळी नवमी-दशमी आहे, म्हणजे भांग, म्हणून यायला तयार झालेत. अट एकच. त्या हॉलच्या एसीत कान दुखतात, तेव्हा कानटोपी घालून बसणार, आणि मी फोटोसाठी ती काढायला सांगायची नाही.