आई म्हणाली, ही तर तुरीची भावकी!

सप्टेंबरात आई लातूरहून सिडनीला आली होती. ऑपेरा हाऊस तिने दहा मिनिटांत उरकलं. मग मी तिला आमच्या पश्चिमेकडच्या विंडसर डाऊन्सच्या रानात नेलं. काळ्या, भेगाळ सालीचे आयर्नबार्क वृक्ष आणि खाली कमरेएवढीही नसलेली झुडपं. पानं चार-पाच मिलिमीटरची, टोकाशी मागे वळलेली. मधूनमधून बारीक पिवळीधमक फुलं.

आई वाकली, चष्मा वर केला. "अगं, हे तर तुरीचं फूल!"

मी हे झुडूप दोन वर्षं बघतेय, पण माझ्या डोक्यात कधी आलं नाही. त्याचं नाव पल्टेनिया पार्विफ्लोरा, आणि ते खरोखरच तुरीच्या कुळातलं: तीच पताकेसारखी मोठी पाकळी, तशाच शेंगा (अगदीच इवल्या, वरणाला काय पुरणार!). इथले लोक अशा पिवळ्या-तांबड्या रानफुलांना सरसकट 'एग्ज अँड बेकन' (अंडी आणि डुकराचं मांस) म्हणतात. आईला ते मुळीच आवडलं नाही.

हे झुडूप जगात फक्त सिडनीच्या या कंबरलँड मैदानी प्रदेशात उगवतं. राज्याच्या यादीत धोक्यातली जात म्हणून नोंद आहे. वणव्यात ते मरतं, पण मातीत पडलेल्या बियांतून पुन्हा उगवतं. मात्र नवी रोपं बी धरायच्या आत दुसरी आग आली, की संपलं. शिवाय आमच्यासारख्यांची घरं! आमची अख्खी कॉलनी याच मैदानी प्रदेशात उभी आहे.

आईने सवयीने शेंगेकडे हात नेला. "आई, तोडू नकोस!" मी ओरडले.

"बघत होते फक्त," ती म्हणाली. खोटं बोलत होती.