वाड्यांचं लाकूड आणि आमची वही : आमची वाटचाल

बाबा पुण्याच्या पेठांमधले जुने वाडे उतरवायची कामं घ्यायचे. पाडणं म्हणायचे नाहीत ते, उतरवणं म्हणायचे, कारण खरंच वरून खाली एकेक सोडवत यायचं, आधी कौलं, मग वासे, मग कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं छत), तुळया आणि सगळ्यात शेवटी खांब. व्यवहार उक्ता. मालकाला एक रक्कम द्यायची, निघेल तो माल आपला. माल धायरीच्या गोडाऊनवर यायचा आणि पुढचा सगळा हिशोब बाबांच्या डोक्यात, कुठली तुळई कुठल्या थप्पीत खालून कितवी हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. मग त्यांची बायपास झाली, दोन महिने ते घरी, आणि गोडाऊनवर मी आणि आमचे सुतारमामा. तेव्हा कळलं की अख्खं दुकान एका माणसाच्या आठवणीवर चाललं होतं.

मी त्याआधी एका हार्डवेअरच्या दुकानात अकाउंट्स बघायचे, त्यामुळे पहिलं काय केलं तर तिथलं बिलिंग सॉफ्टवेअर इथे आणलं. दरवाजे, नग ४०. पण त्या चाळीसचा उपयोग काय, गिऱ्हाईक विचारतं कुठला आहे, केवढा आहे, कोयंडा मूळचा आहे का. खिळ्याचा बॉक्स संपला की दुसरा मागवता येतो, आमच्याकडे एक दरवाजा गेला की तो गेलाच, तसा परत येत नाही. मग ठरवलं, प्रत्येक नगाला स्वतःचं पान. वाड्याचा नंबर, प्रकाराचं अक्षर, नगाचा नंबर. १४-ख-३ म्हणजे चौदाव्या वाड्याचा तिसरा खांब. आधी हे खडूनं लिहिलं आणि पहिल्याच पावसात पत्र्याखालून पाणी येऊन अर्ध्या थप्पीचे नंबर धुऊन गेले, मग ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून नंबर काढायला लागलो. आणि नंबर वाडा उतरायच्या आधी लावायचा, उभा असतानाच फोटो काढून. खाली ढीग झाल्यावर कुठली कूस (लाकडाचं भोकात बसणारं टोक) कुठल्या भोकात बसत होती हे कोणी सांगू शकत नाही.

सगळ्यात मोठा धडा मापाचा. मुळशीकडे एकांचं घर चाललं होतं, त्यांना गणेशपट्टीवाली, म्हणजे वरच्या पट्टीवर गणपती कोरलेली, दाराची चौकट आवडली, मी फोनवर आतलं माप सांगितलं, तीन फूट बाय साडेपाच. त्यांच्या गवंड्यानं तेवढ्यावर चौकटीच्या लाकडाची जाडी धरून भिंतीत जागा सोडली. पण जुन्या चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाची टोकं भिंतीत शिरायला दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात, या चौकटीची नऊ नऊ इंच होती. टेम्पो पोचला आणि चौकट बसेना. तिथला सुतार करवत घेऊन तयार, टोकं उडवतो म्हणाला. मी गाडी काढून तशीच गेले, पोचेपर्यंत जीव मुठीत. ती टोकं कापली असती तर वरची सगळी पकडच गेली असती. भिंत फोडून घेतली, गवंड्याचे पैसे आम्ही भरले, कारण चूक आमची होती. तेव्हापासून तीन मापं लिहिते, आतलं, बाहेरचं आणि टोकांसकट, सुतापर्यंत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि फोटोत टेप दिसलाच पाहिजे. वाळवी, भुंग्याची भोकं, तडा यांचाही वेगळा फोटो काढून पाठवते.

कौलांचंही तेच. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेनं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, पुढे बरेच कारखाने आले, कौलाच्या पाठीवर शिक्का असतो. दिसायला सगळी मंगलोरी, पण कारखाना बदलला की खाचा थोड्या वेगळ्या, मिसळली तर एकमेकांत नीट बसत नाहीत आणि छप्पर गळतं. म्हणून थप्पी शिक्क्यानुसार.

पैशाचा भाग मला जास्त अवघड गेला. खरेदी उक्ती आणि विक्री नगावर, मग एक खांब आपल्याला पडला कितीला? जुन्या मालाला फक्त नफ्यावर जीएसटी भरायची सोय आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचं नाही आणि तो नग कितीला पडला ते दाखवता आलं पाहिजे. आता वाडा घेतला की बाबा, मामा आणि मी बसतो, साधं लाकूड घनफुटावर, कोरीव काम वेगळं, मजुरी टेम्पो धरून उक्त्या रकमेची वाटणी करतो. यात बाबांची नजर अजून कुठल्याही कागदापेक्षा पक्की आहे.

व्हॉट्सॲपवर एकच झोपाळ्याची कडी दोघांना कबूल झाली होती एकदा, दोघांचाही वाईटपणा घेतला. आता टोकन दिलं तरच सात दिवस राखून, नाहीतर जो आधी येईल त्याची.

एक रकाना मी बाबांना न विचारता वाढवला, 'कुठून आला'. शनिवार पेठेतल्या एका वाड्याच्या खांबांच्या भोकात वाळलेला काळा गाळ निघाला, मालकीणबाई आजी बघून म्हणाल्या, पानशेतचाच असणार हा, पाणी आमच्या माजघरात होतं. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. मी ते तसंच लिहून ठेवलं. ते आठ सुरूचे खांब, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले, तळखड्यांसकट (खालच्या दगडी बैठकींसकट). चार द्या म्हणून तिघंजण येऊन गेले, चांगला भाव देत होते, हप्ता भरायचा होता तरी दिले नाहीत. एका चौकात उभे होते ते, संच फोडवत नाही.

गेल्या आठवड्यात भोरहून एक आर्किटेक्ट ताई आल्या, मधे चौक असलेलं घर करतायत, आठही खांबांची मापं घेऊन गेल्या. रविवारी टोकन द्यायला येतो म्हणाल्यात. काल मामांनी आणि मी सगळे पुसून ओळीनं मांडून ठेवलेत, गाळ मात्र तसाच ठेवलाय, त्यांना दाखवायला.