सोन कुटुंबाची छत्री

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकामागून थोडे चालत गेले की जुन्या सेंट पँक्रस चर्चचे आवार लागते. बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद सर जॉन सोन यांच्या कुटुंबाची कबर तिथे आहे. ती पाहायला मी गेलो ते, खरे सांगायचे तर, टेलिफोनच्या लाल बूथपायी. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांना १९२४ साली बूथच्या घुमटाकार छपराची कल्पना या कबरीवरून सुचली असे मानतात, आणि स्कॉट हे सोन यांच्या संग्रहालयाचे विश्वस्तही होते.

कठड्यापाशी उभा राहिलो आणि बूथ मनातून गेला. आत संगमरवराचा चौकोनी ठोकळा, त्यावर चार खांबांची संगमरवरी छत्री, आणि तिला पोटात घेणारी दगडाची मोठी छत्री, अशी ही रचना आहे. वानवडीची शिंदे छत्री पाहिलेल्याला दुसरा शब्द सुचणे कठीणच. वरच्या भागात स्वतःची शेपूट तोंडात धरलेला साप कोरला आहे आणि माथ्यावर पाइनचे दगडी फळ आहे. क्रूस मात्र मला कुठे दिसला नाही.

सोन यांनी ही कबर पत्नी एलायझासाठी १८१६ साली बांधली. आदल्या वर्षी सप्टेंबरात एका वृत्तपत्रात त्यांच्या वास्तूंची निनावी लेखांतून यथेच्छ टवाळी झाली होती. लेखक त्यांचाच धाकटा मुलगा जॉर्ज आहे हे आईने ओळखले, त्याने आपल्यावर मृत्यूचा घाव घातला असे ती म्हणाली, आणि आधीच आजारी असलेली एलायझा २२ नोव्हेंबरला वारली. सोन यांनी ते लेख चौकटीत बसवून, त्यांना ‘मृत्यूचे घाव’ असे नाव देऊन, घरात भिंतीवर लावले. इतका काळजीपूर्वक जपलेला राग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

थोरला मुलगा जॉन १८२३ साली आणि स्वतः सोन १८३७ साली आईच्या, पत्नीच्या शेजारी याच कबरीखालच्या तळघरात विसावले. जॉर्ज इथे नाही. लिंकन्स इन फील्ड्समधले राहते घर आणि त्यातला संग्रहही त्याच्या हाती पडू नये म्हणून वडिलांनी १८३३ साली थेट पार्लमेंटकडून कायदा करवून घेतला होता आणि ते सारे राष्ट्राच्या नावे केले होते.

तळघराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर ओली पाने साचली होती. कठड्याबाहेरूनच जेवढे दिसले तेवढे पाहून मी परत फिरलो.