छताला प्रोजेक्टर, वायरी गायब: पाच शनिवारांची नोंद

प्रोजेक्टर छताला टांगून दोन महिने झाले होते. चित्र झकास, आवाज झकास, आणि खोलीच्या मधोमध झोल खात भिंतीकडे गेलेली काळी केबल. बायको अधूनमधून विचारायची, "यावर कपडे वाळत घालू का?" शेवटी चार शनिवार राखून ठेवले. लागले पाच.

पहिला शनिवार

हत्यार एकही काढलं नाही. फक्त सुतळी आणि चिकटपट्टी.

पडदा कर्णात १०० इंची, म्हणजे २२१ सेंटीमीटर रुंद. लेन्सचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी, १.५. त्यामुळे प्रोजेक्टर पडद्यापासून ३.३ मीटरवर, ती जागा काही हलत नव्हती. रिसीव्हर (प्रोजेक्टरला चित्र पाठवणारी पेटी) आणि बाकी पेट्या पडद्याखालच्या कॅबिनेटमध्ये. नुसत्या नजरेने पाच-साडेपाच मीटर केबल पुरेल असं वाटत होतं. पण सरळ नेली तर ती बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून पडद्याच्या डोक्यावर उतरते आणि पडद्याचा उजेड आधी तिच्यावरच पडतो. म्हणून वाट आडवळणाची: प्रोजेक्टरपासून बाजूच्या भिंतीपर्यंत १.६ मीटर, छत आणि भिंतीच्या सांध्यातून पुढे ३.३, खोलीच्या कोपऱ्यातून खाली २.२, तिथून कॅबिनेटपर्यंत १.२. बेरीज ८.३. प्रोजेक्टरकडे अर्धा आणि कॅबिनेटमागे पाऊण मीटर सैल सोडायचं. थोडक्यात, १० मीटरची केबल.

आणि १० मीटर म्हटलं की तांब्याच्या केबलची परीक्षा सुरू, लांबीबरोबर तिच्यातला सिग्नल क्षीण होतो. फुल एचडी ६० हर्ट्झला सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिट लागतात, फोर-के (चौपट ठिपक्यांचं चित्र) ६० हर्ट्झला त्याच्या चौपट, जवळपास १८. माझ्याकडे जुनी १० मीटरची तांब्याची केबल होती. भिंतीवर चढवण्याआधी ती जमिनीवरच पसरून जोडली. फुल एचडी स्वच्छ. फोर-के लावल्याबरोबर अंधाऱ्या दृश्यांत पांढरे ठिपके लुकलुकायला लागले, मध्येच दोन सेकंद पडदा काळा. ही चाचणी लपवण्याआधी करायची असते, नंतर नाही. एवढं एक काम मी वेळेवर केलं.

मग ऑप्टिकल एचडीएमआय मागवली, म्हणजे चित्र-आवाज नेणारी तीच केबल, पण काचेच्या तंतूंची. चित्राचे चार मार्ग काचेच्या तंतूंतून जातात, बाकीची किरकोळ बोलणी तांब्याच्या बारीक तारांतून. केबल बारीक, हलकी, वळायला मऊ. पथ्यं दोन: कुठेही घडी पडू द्यायची नाही, आणि तिला दिशा असते. एक टोक सोर्सचं, म्हणजे चित्र पाठवणाऱ्या पेटीकडचं, दुसरं डिस्प्लेचं, म्हणजे प्रोजेक्टरकडचं. या दुसऱ्या पथ्याकडे पुन्हा यायचंय, मान खाली घालून.

दुसरा शनिवार

मनात होतं कन्सील्ड करायचं. भिंतीला झिरी मारायची, पाइप टाकायचा, वरून प्लॅस्टर आणि रंग. इलेक्ट्रिशियन २५ मिमीचा पाइप घेऊन आला. मी म्हटलं, आधी जमिनीवर ओढून बघू. एचडीएमआयच्या टोकाचं प्लॅस्टिक २१ मिमी रुंद निघालं. सरळ पाइपात सुळकन गेलं आणि पहिल्याच बेंडमध्ये असं रुतलं की शेवटी बेंड करवतीने कापावा लागला. साधी वायर असती तर टोक छाटून आत ढकलली असती. ऑप्टिकलचं टोक घरी छाटून पुन्हा बसवता येत नाही.

मोठा पाइप म्हणजे खोल झिरी. भिंतीत एक वेळ चाललं असतं, पण वाटेचा पहिला तुकडा स्लॅबखालून जातो आणि स्लॅबला झिरी मारायची नाही. आत सळया असतात, तो घराचा भार आहे. विषय तिथेच संपला.

मला मात्र वेगळीच गोष्ट खुपली. समजा आज जमवलंच, तर पाच-सात वर्षांनी ही केबल बदलताना काय? एचडीएमआयची २.० आवृत्ती २०१३ची, १८ गिगाबिटची. २.१ आली २०१७ला आणि मर्यादा थेट ४८वर गेली. केबल काही भिंतीच्या आयुष्याएवढी टिकणारी वस्तू नाही. मग ती भिंतीत चिणायची कशाला? ठरलं, झाकण असलेली पट्टी. केसिंग-कॅपिंग. दिसायला ओबडधोबड म्हणून जिला मी इतके दिवस नाकं मुरडत होतो तीच.

ज्यांच्या खोलीत फॉल्स सीलिंग व्हायचं आहे, त्यांनी मात्र ऐटीत ४०-५० मिमीचा पाइप टाकावा, बेंड लांब वळणाचे घ्यावेत आणि आत नायलॉनची दोरी ओढून ठेवावी. दोरी विसरलात तर दोरीचं टोक पिशवीच्या तुकड्याला बांधा, पाइपात सोडा आणि दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम क्लीनर लावा. झटक्यात येते.

विजेचं काम त्याच दिवशी उरकलं. प्रोजेक्टरची पॉवर कॉर्ड पट्टीतून लांबवर ओढायची नाही, हे इलेक्ट्रिशियनने बजावलं आणि ते बरोबरच आहे. प्रोजेक्टर टांगलेल्या माउंटशेजारी छतावर नवीन पॉइंट घेतला, त्याची पट्टी वेगळी, विरुद्ध भिंतीकडून.

तिसरा शनिवार

पट्टी बसवली. छताला भोकं पाडताना ड्रिलच्या बिटमध्ये कागदी पेला अडकवला की भुकटी डोळ्यांत येत नाही. एका ठिकाणी सळई लागली, चार सेंटीमीटर सरकलो. काटकोनात जोडलेल्या पट्टीत केबललाही काटकोन पडतो, म्हणून कोपऱ्यावर आतली बाजू तिरकी कापून वळणाला जागा करून दिली.

आता खरी गंमत. पट्टी पांढरी, छत पांढरं, तरी ती लांबून ओळखू येत होती. दोन तास खुर्चीत बसून बघत राहिलो तेव्हा लक्षात आलं की दिसत होती ती पट्टीची सावली. भिंत आणि पट्टीच्या फटीतली काळी रेघ. त्या फटीत ॲक्रिलिक सीलंटची बारीक धार भरली, ओल्या बोटाने पुसली आणि पट्टी निम्मी नाहीशी झाली. उरलेली निम्मी रंगाने. पीव्हीसीवर रंग थेट धरत नाही. २२० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी मारली, प्रायमर दिला, मग छताचाच मॅट रंग. झाकणाच्या सांध्यात रंग वाळल्यावर पातळ ब्लेड फिरवलं, नाहीतर पुढच्या वेळी झाकणाबरोबर पापुद्रे निघतील. झाकणाच्या सांध्यात सीलंट मात्र अजिबात नाही.

चौथा शनिवार

केबल आत, झाकणं बंद, पाहुणे बोलावलेले. प्रोजेक्टर चालू. "नो सिग्नल."

रिसीव्हर बंद-चालू केला, पोर्ट बदलला, सेटिंग धुंडाळली. वीस मिनिटांनी शिडीवर चढून टोकावरची बारीक अक्षरं वाचली. सोर्सचं टोक छताला, डिस्प्लेचं कॅबिनेटमध्ये. केबल उलगडताना टोकांना लावलेल्या खुणेच्या पट्ट्या मीच अदलाबदल केल्या होत्या.

पाहुण्यांनी शिडी धरली. झाकणं काढून, केबल उलटवून, परत झाकायला चाळीस मिनिटं लागली. भिंतीत पाइप टाकून प्लॅस्टर केलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना मी केली नाही.

पाचवा शनिवार

राहिलेली शेवटची वीतभर: छतापासून प्रोजेक्टरपर्यंत. माउंटचा दांडा पोकळ आहे, केबल आतून आली. पण पोर्ट मागच्या बाजूला आणि तिथेच शेजारी गरम हवेची जाळी. पहिल्यांदा केबल जाळीसमोरून गेली तर पंखा भणभणायला लागला. आता वळसा घालून वरून घेतली आहे. एचडीएमआयला खटका नसतो, वजनाने टोक खाली ओघळतं, म्हणून केबल दांड्याला वेल्क्रोने बांधली. प्लॅस्टिकचा टाय घट्ट ओढला तर आतली काच चिरडते. काटकोनी अडॅप्टर लावून पाहिला, फोर-केला पुन्हा ठिपके. काढून टाकला. सैल सोडलेला अर्धा मीटर इथे कामी आला. फिल्टर साफ करायला प्रोजेक्टर उतरवताना काही उपटावं लागत नाही.

पट्टीत जागा होती म्हणून कॅट-सिक्सची (नेटवर्कची) एक वायरही टाकून ठेवली आहे. तिची टोकं अजून लोंबताहेत, टोकं बसवायचा क्रिम्पर मित्राकडे आहे.