दोघंही बी, मग पोरगं ओ कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेकदा आवाज खाली आणून: "मॅडम, आमचा दोघांचा बी पॉझिटिव्ह, मग मुलाचा ओ कसा?" कधी सासूबाई विचारतात. तेव्हा रोख वेगळाच असतो.

येऊ शकतो, अगदी रीतसर. रक्तगटाचं जनुक जोडीनं असतं, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. स्लाइडवर रक्तात आम्ही गट ओळखायची दोन द्रावणं टाकतो: अँटी-एचा निळा थेंब, अँटी-बीचा पिवळा. फक्त पिवळ्यात रक्ताचे दाणे धरले की बी लिहायचं. पण त्या माणसाकडे दोन बी आहेत, की एक बी आणि एक ओ, हे स्लाइड सांगत नाही. दोघांकडेही असा लपलेला ओ असेल, तर दर मुलामागे चारात एक शक्यता की दोन्हीकडून ओच येईल. आधीची दोन मुलं बी झाली म्हणून तिसऱ्याचा हिशोब बदलत नाही.

हे लपणं पकडलं ग्रेगोर मेंडेलनं. ब्रनोच्या मठातला साधू, शिक्षकाच्या परीक्षेत नापास झालेला. त्या काळचा समज असा, की आईबापांचे गुण चहात दूध पडावं तसे मिसळतात. मेंडेलनं गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्याचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. ती झाडं त्यानं स्वपरागणावर सोडली आणि पुढच्या पिढीचे दाणे मोजले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तिनास एक. सुरकुती कुठेही पातळ झाली नव्हती, एक पिढी दडून जशीच्या तशी परतली होती.

मला त्याची पुढची पायरी जास्त भारी वाटते. यातलेच गोल दाणे त्यानं पुन्हा पेरले. ५६५ झाडांपैकी १९३ झाडांनी फक्त गोल दाणे दिले, ३७२ झाडांनी दोन्ही. म्हणजे दिसायला सारखे, आत वेगळे. आमच्या स्लाइडवरचे बी तसेच.

निबंध १८६६ साली छापून आला आणि पडून राहिला. १९०० साली तिघा वनस्पतिशास्त्रज्ञांना तेच नियम पुन्हा सापडले, तोवर मेंडेल जाऊन सोळा वर्षं झाली होती.

"पण ओ गटाच्या आईला एबी मूल तर होणारच नाही ना?" हा पुढचा प्रश्न. एरवी नाही. पण १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट नोंदवला. पेशीवर ए किंवा बी बसायला आधी एच नावाचा पाया लागतो. तो घडवणारं जनुक दोन्हीकडून निकामी आलं, तर बीचं जनुक असूनही पेशीवर काहीच दिसत नाही आणि आम्ही ओ लिहून मोकळे होतो. अशी बाई मुलाला बी देऊ शकते, आणि वडिलांकडून ए आला तर मूल एबी. तेव्हा नुसत्या रक्तगटावरून कुणाच्या घरात संशय पेरू नये, एवढं मी सासूबाईंना स्पष्ट सांगते.

भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा. त्याला ओ गटाची बाटलीसुद्धा चालत नाही, बॉम्बेचीच लागते. म्हणून असा पेशंट सापडला की सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करायची: आईवडील दोघांकडे ते निकामी जनुक एकेक असतं, तेव्हा प्रत्येक भावंडामागे चारात एक शक्यता असते.