ग्लिवित्सेचा मनोरा आणि आमचा टोलनाका

पोलंडमधल्या ग्लिवित्सेत मी नोकरी करतो. खोलीच्या खिडकीतून एक लाकडी मनोरा दिसतो, शंभर मीटरहून उंच. रात्री त्याच्यावर दिवे लागतात. पहिलं वर्षभर मला तो नुसता देखणा वाटायचा.

१९३९ साली हे गाव जर्मनीत होतं. नाव ग्लायवित्स, आणि पोलंडची हद्द हाकेच्या अंतरावर. एकाच गावाला दोन नावं, बाजारात दोन भाषा. निपाणी-बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ३१ ऑगस्टच्या संध्याकाळी हिटलरच्या एसएस या निमलष्करी संघटनेची माणसं पोलिश बंडखोर असल्याचं भासवून या मनोऱ्याच्या रेडिओ केंद्रात घुसली. केंद्र आता पोलिशांच्या ताब्यात आहे, एवढंच काय ते पोलिश भाषेत हवेत गेलं. पुढचं कुणाला धड ऐकूही आलं नाही. हल्ला पोलिशांनीच केला याचा पुरावा हवा म्हणून फ्रान्सिशेक होनिओक नावाच्या माणसाचा बळी दिला. त्याला आदल्या दिवशीच उचलून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या होत्या. टोळीचा म्होरक्या आल्फ्रेड नाऊयोक्सने युद्धानंतर हे सगळं कबूल केलं.

खोटं बोलायला त्यांनी शेजाऱ्याची भाषा निवडली, हे माझ्या मनातून जात नाही. कारण आमच्याकडेही तेच झालं.

६ डिसेंबर २०२२. सीमावाद पेटला होता, आणि बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली. ती खरीच होती. माझा भाऊ त्या दिवशी कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याचा गूळ घेऊन हायवेवर होता, एमएच नंबरची गाडी घेऊन. घरच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज आला, संकेश्वरजवळ गाड्या पेटवल्यात म्हणून. आवाज कुणाचा, कुणालाच माहीत नाही. आईने मला फोन केला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. भावाचा फोन लागेना. पाऊण तासाने लागला. तो संकेश्वरजवळच्याच एका धाब्यावर होता. धाब्याचा कन्नड मालक त्याला म्हणाला होता, "गाडी मागं लावा, जेवा, सकाळी जावा." फोनची बॅटरी संपली होती, बाकी काही नाही. जाळपोळ कुठेच नव्हती. तो पाऊण तास मी आजही विसरलेलो नाही.

आठवड्याभराने, १४ डिसेंबरला, दिल्लीत महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांच्या बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्री अमित शहांनी सांगितलं, की बड्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही हे प्रकरण भडकवलं. म्हणजे पुन्हा तेच, बोलणारा एक आणि तोंड दुसऱ्याचं. सीमाप्रश्नाची आमची जखम खरी आहे, १९५६ पासूनची आहे, म्हणून तर खोटं तिथे पटकन चिकटतं. जिथे आधीच दुखतं तिथेच बोट ठेवतात ही माणसं.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा आप्पांनी मला विमान पाडल्याचा व्हिडिओ पाठवला. तो एका व्हिडिओ गेममधला होता. त्याच दिवसांत, या कारवाईची माहिती पत्रकारांना देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशींच्या गोकाक तालुक्यातल्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची पोस्ट फिरली. बेळगाव पोलिसांनी ती धादांत खोटी असल्याचं सांगितलं. लढाई पार पश्चिम सीमेवर, आणि दोन समाज भिडावेत म्हणून काडी टाकली ती आमच्या जिल्ह्यात! त्या रात्री मी आप्पांशी तासभर बोललो. रागावलो नाही. मनोऱ्याची गोष्ट सांगितली, होनिओकची सांगितली. ते गप्प ऐकत होते.

गेल्या रविवारी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "अरे, दुपारी एक व्हिडिओ आलता, कन्नडात. बसवर दगड मारालेत म्हणून. शेजारच्या मास्तरांना दाखवला. ते म्हणाले आप्पासाब, ह्यातली बोली आमच्याकडची न्हवंच, कुठलातरी जुना व्हिडिओ हाय. मग दोघांनी मिळून चहा घेतला. तुला पाठवत न्हाई तो."