आरसा नंतर, आधी झाकण

"सर, स्वस्तातला सोलर कुकर कुठं मिळतो वो? पोराला घरी प्रयोग करायचाय." शाळेच्या फाटकाशी, बेळगावात गणपत गल्लीत भाजी घेताना, खानापूरच्या बसमध्ये हा प्रश्न मला वर्षानुवर्षं येतोय. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

सोलर कुकर म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर अन्न शिजवणारी, काचेच्या झाकणाची पेटी. रोजचा वरण-भात शिजवायचा असेल तर आयती पेटी घ्या आणि घेताना तिच्यावर आयएस 13429 हे अशा पेट्यांचं भारतीय मानक बघा. पण प्रयोगच करायचे असतील तर विकत घेऊ नका, असं मी कळकळीनं सांगतो. आयत्या पेटीतले सगळे प्रश्न दुसऱ्या कुणीतरी आधीच सोडवलेले असतात. मुलानं मग बघायचं काय?

माझी पहिली पेटी थर्माकोलची होती. हलकी, स्वस्त, उष्णता अडवणारी, आणखी काय हवं, असं वाटलं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी उघडली तर आतल्या भिंती सुरकुतून आत आलेल्या आणि भाताला उग्र वास. तो भात टाकून दिला. थर्माकोल शंभर अंशांच्या आधीच मऊ पडायला लागतो, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी भाताचं तूस वापरतो. आपल्याकडं भाताच्या गिरणीबाहेर त्याचे ढीग पडलेले असतात. एक मोठं खोकं, त्यात एक लहान खोकं, मधल्या तीन-चार बोटं जागेत कोरडं तूस. ओलं नको, ओल उष्णता खाते. आतून काळा रंग द्या आणि दोन दिवस पेटी रिकामीच उन्हात तापवा, रंगाचा वास गेल्याशिवाय अन्न ठेवू नका.

आता झाकण. जादा ऊन पेटीत वळवणाऱ्या आरशाच्या मागे सगळे लागतात, मीही लागलो होतो. एकदा सातवीच्या मुलांना दोन दिवस, रोज त्याच वेळी, मापं घ्यायला लावली. पहिल्या दिवशी आरसा लावलेला, पण काचेखाली बोटभर फट. पेटी 74 अंशांवर अडली. दुसऱ्या दिवशी आरसा काढला आणि जुन्या गोधडीच्या पट्ट्यांनी फट बुजवली. पारा 90 वर गेला. बेळगावचा वारा तुम्हाला ठाऊक आहेच. तो जरा फट मिळाली की तापलेली हवा घेऊन जातो. म्हणून पैसे काचेवर घाला, जमलं तर बोटभर अंतर ठेवून दोन काचा बसवा. चौकटीत काचेला थोडी ढिलाई असू द्या. गच्च बसवलेली काच तापून फुगली की तडकते.

झाकण जमलं की मग आरसा. छापखान्यातल्या वापरलेल्या अॅल्युमिनियमच्या प्लेटा किंवा पुठ्ठ्यावर मैद्याच्या खळीनं चिकटवलेली चंदेरी फॉइल पुरते. आरसा उत्तरेच्या कडेला, तोंड दक्षिणेला. डिसेंबरात भर दुपारी सूर्य आपल्याकडं क्षितिजापासून जेमतेम 51 अंशांवर असतो, तेव्हा आरसा जवळजवळ उभा चालतो. मेच्या सुरुवातीला तो थेट डोक्यावर येतो, तेव्हा आरसा बराच मागं कलवावा लागतो. हा कोन मुलांना स्वतः शोधू द्या. दर अर्ध्या तासानं पेटी फिरवायचं कामही त्यांचंच.

शाळेतला 110 अंशांचा थर्मामीटर रिकाम्या पेटीत सोडू नका. चांगल्या पेटीत पारा त्याच्यापुढं जाऊन नळी फुटू शकते. तो डब्यातल्या पाण्यात बुडवा. "सर, थर्मामीटर बिघडलाय, पाणी उकळलं तरी शंभर दाखवत नाही," अशी तक्रार दरवर्षी येते. थर्मामीटर बरोबर असतो. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहोत, इथं पाणी 97-98 वरच उकळतं. हे पुस्तकात वाचून कुणाच्या लक्षात राहत नाही, गच्चीवर बसून एकदा पाहिलं की विसरत नाही.

हिशेबही करायला लावा. अर्धा मीटर लांब-रुंद काचेवर भर दुपारी पडतं सुमारे 250 वॅट ऊन, डब्यापर्यंत पोचतं त्याहून बरंच कमी. म्हणून डबा पातळ, पसरट आणि बाहेरून काळा हवा, तांदूळ थोडाच, आणि मधे झाकण उघडून बघायचं नाही. आमचा वाटीभर भात साडेदहाला ठेवला की सव्वाबारापर्यंत होतो. डाळ रात्रभर भिजवलेली हवी.

"पावसाळ्यात काय करायचं वो?" जून ते सप्टेंबर पेटी माळ्यावर ठेवा. एप्रिल-मेमध्येही वळिवाचे ढग दुपारनंतर येतात, त्यामुळे सकाळी लवकर मांडा. खरा हंगाम जानेवारी ते मार्च. त्याच दिवसांत आपली रताळीही बाजारात असतात. धुऊन, पाण्याचा थेंबही न घालता, झाकणाच्या काळ्या डब्यात ठेवा. दोन-अडीच तासांनी काच सरकवली की जो गोड वास येतो, त्यासाठी आमच्या शाळेची मुलं मधल्या सुट्टीत पेटीभोवती उभी असतात.